रेडिओताईंचा ळ

ज्याच्या तोंडात एकही दात नाही त्याने दातांविषयी बोलावे, हा आगाऊपणाच म्हणायचा. पण मित्रांनो, मी एक जुना रेडिओ असलो तरी माझे निम्म्याहून अधिक आयुष्य दातांच्या दवाखान्यात गेले आहे. आतल्या खोलीत बसून डॉक्टरांनी उघडी तोंडे पाहिली. बाहेरच्या खोलीत फळीवर बसून मी मिटलेली तोंडे पाहिली. उघड्या तोंडात फार तर कीड सापडते. मिटलेल्या तोंडात भीती असते, आणि ती डॉक्टरांच्या छोट्या आरशात दिसत नाही.

माझा जन्म एका लांबलचक शेडमध्ये झाला. तिथे बायका ओळीने बसून आम्हा रेडिओंच्या पोटात तारा जोडत. माझी शेवटची तार जोडणाऱ्या बाईला नेमकी तेव्हाच जांभई आली, म्हणून माझा आवाज पहिल्यापासून थोडा सुस्त आहे. लाकडी पेटी, सोनेरी जाळी, डावीकडे आवाजाचे बटण, उजवीकडे स्टेशनचे. मी देखणा होतो. हे मीच सांगतो आहे, कारण सांगणारे दुसरे कुणी आता उरलेले नाही.

दुकानातून मला मावशींनी उचलले. मावशी म्हणजे दवाखान्याच्या कारभारीण. पेशंटचा नंबर लावायचा, कापसाचे बोळे करायचे, पळणाऱ्याला दारात अडवायचे, ही त्यांची कामे. त्या डॉक्टरांच्या सख्ख्या मावशी होत्या. पेशंटसमोर त्या त्यांना "डॉक्टर" म्हणत आणि पेशंट गेला की "अरे गाढवा" म्हणत.

दवाखान्याला दोन खोल्या होत्या. बाहेर बाक, आत खुर्ची. मधल्या लाकडी पार्टिशनची उंची छतापर्यंत पोहोचण्याआधीच सुताराचा उत्साह संपला होता. आत दात कोरायचे मशीन सुरू झाले की त्याचा आवाज त्या फटीतून उडी मारून बाहेर येई, आणि तो ऐकून बाकावरचा पेशंट पायरीवरून उडी मारून रस्त्यावर जाई. यावर मावशींनी काढलेला उपाय म्हणजे मी.

"आत मशीन लागलं, की मी बाहेर याला मोठा करते," मावशी म्हणाल्या. "कुणाला काही ऐकूच यायचं नाही."

पहिला आठवडा झकास गेला. दुसऱ्या आठवड्यात लोक शहाणे झाले. आमच्याकडे कुलपे दुरुस्त करणारे एक काका येत. गावातले कुठलेही कुलूप ते तारेच्या तुकड्याने उघडत, पण स्वतःचे तोंड त्यांना कधी उघडता आले नव्हते. एकदा ते बाकावर गाल धरून बसलेले असताना मावशींनी मला एकदम मोठा केला.

"मावशी," काका दचकून म्हणाले, "आत काहीतरी भयंकर चाललंय ना?"

"छे हो. गाणं छान लागलंय म्हणून वाढवला."

"हवामानाचा अंदाज सांगतायत, मावशी."

"मग? हवामान छान असू नये का?"

काका गेले. घाईत दुसऱ्याच कुणाची तरी चप्पल घालून गेले. आणि माझी अशी अपकीर्ती झाली की गावात कुणाच्याही घरी रेडिओ मोठा झाला, तरी माणसे आधी आपला गाल धरत. जो आवाज झाकण्यासाठी मला आणले होते, त्या आवाजाची मी दवंडी पिटत होतो. वाईट वाटायचे. पण रेडिओला स्वतःचे बटण स्वतः फिरवता येत नाही.

आता रेडिओताईंविषयी सांगतो. आमच्या स्टेशनवर रोज सकाळी सात वाजता त्या बोलत. सगळे गाव त्यांना रेडिओताईच म्हणे. डॉक्टर साडेसहालाच येऊन हत्यारे उकळत ठेवत आणि सातच्या ठोक्याला मला सुरू करत. "नमस्कार मंडळी! सकाळचे सात वाजले आहेत. निळं आभाळ आहे, कोवळं ऊन आहे..." असे त्या म्हणाल्या की ढगाळ दिवशीसुद्धा लोक खिडकीतून बाहेर बघत. त्यांचा ळ विशेष नावाजलेला होता. जीभ मागे वळून टाळूला हलकी टपली मारे आणि पुढे येई. माझ्या जाळीतून तो ळ जाताना मला गुदगुल्या होत. शाळेत ल आणि ळ यांत घोळ घालणाऱ्या मुलांना बाई सांगत, "उद्या सात वाजता रेडिओ ऐकून या."

एके वर्षी स्टेशनच्या केंद्रप्रमुखांनी ठरवले, की लोकांच्या मनातली दाताच्या डॉक्टरांची भीती आकाशवाणीने घालवायची. त्यांनी आमच्या डॉक्टरांना भाषणाला बोलावले आणि कार्यक्रमाला स्वतःच नाव दिले: 'चला, दात काढू या!' केंद्रप्रमुख सरळ मनाचे गृहस्थ होते. त्यांच्या डोक्यात पक्कड होती. लोकांना वाटले, विनोदी कार्यक्रम आहे. त्या संध्याकाळी घरोघरी माणसे हसायच्या तयारीने रेडिओभोवती बसली.

मग आमच्या डॉक्टरांचा आवाज आला. ते कागद बघून वाचत होते. "घाबरण्याचे काहीही कारण नाही. प्रथम आम्ही हिरडीत एक सुई टोचतो. सुई फक्त एवढी असते."

'एवढी' म्हणताना डॉक्टरांनी हाताने दाखवले असणार. रेडिओवर हात दिसत नाही. प्रत्येक श्रोत्याने आपापल्या ऐपतीप्रमाणे ती सुई लांब केली. कुलूपवाले काका दुसऱ्या दिवशी रस्त्यावरूनच मावशींना म्हणाले, "छत्रीच्या काडीएवढी असते म्हणे!" पुढचे तीन आठवडे आमचा बाक रिकामा होता. त्यावर मांजर व्यायली.

"अरे गाढवा," मावशी म्हणाल्या, "एवढी म्हणजे केवढी, ते तरी सांगायचंस!"

"बोटाच्या पेराएवढी, मावशी," डॉक्टर हिरमुसून म्हणाले. "आणि केसासारखी बारीक. मी दाखवली की."

"कुणाला दाखवलीस?"

"ताईंना. पण त्यांनी डोळे मिटले होते."

ही गोष्ट तेव्हा कुणी मनावर घेतली नाही. मीही नाही. पण त्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी सातच्या ठोक्याला माझ्या जाळीतून आवाज आला, "नमस्कार मंडली. सकालचे सात वाजले आहेत."

मावशींनी माझ्या डोक्यावर थाड्‌कन चापट मारली. "याचं काहीतरी बिघडलं!"

"निलं आभाल आहे..."

दुसरी चापट पडणार, इतक्यात डॉक्टरांनी मावशींचा हात धरला. त्यांनी माझ्या जाळीला कान लावला. चोवीस वर्षांत मला इतक्या जवळून कुणी ऐकले नव्हते.

"मावशी, त्याला मारू नकोस. दाढ त्याची नाही, ताईंची दुखतेय. उजवीकडची, खालची. कोपरा तुटलाय बहुतेक."

"रेडिओवरून दाढ दिसते तुला?"

"ळ म्हणायला जीभ मागे वळते आणि कडेने दाढांना घासते. तिथे धारदार कोपरा असला तर जीभ वळायलाच तयार होत नाही. तापल्या तव्याला बोट लागलं की पुन्हा आपण हात नेतो का?"

पुढच्या आठवड्यात ताईंनी ळ टाळायला सुरुवात केली. त्या 'मंडळी' सोडून 'श्रोतेहो' म्हणू लागल्या. सकाळचा त्यांनी प्रातःकाल केला, उन्हाळ्याचा ग्रीष्म ऋतू केला. बाजारभावात केळी आली तेव्हा त्या म्हणाल्या, "कदलीफल, प्रति डझन." गावात काहींना वाटले, ताईंचा अभ्यास वाढला. संस्कृतच्या मास्तरांनी अभिनंदनाचे पत्र पाठवले. मला मात्र वेगळे ऐकू येई. ज्या बाईंच्या तोंडी भाषा पाण्यासारखी वाहत होती, त्या आता एकेक शब्द पारखून, दगडावर पाय ठेवत ओढा ओलांडावा तशा बोलत होत्या.

आणि एके दुपारी तो दगड निसटला. हवामान खात्याचा तातडीचा निरोप आला आणि ताईंना तो जसाच्या तसा वाचावा लागला. "आज दुपारनंतर वादल होण्याची शक्यता आहे." लोकांनी ऐकले, 'बदल होण्याची शक्यता आहे.' बदल तर होतच असतो, म्हणून कुणी वाळत घातलेले कपडे काढले नाहीत. चार वाजता वादळ आले आणि अर्ध्या गावाचे कपडे उरलेल्या अर्ध्या गावाच्या छपरांवर जाऊन पडले. केंद्रप्रमुखांचे धोतर तर पाण्याच्या टाकीवर फडकत होते, आणि ते उतरवायला कुणी चढायला तयार नव्हते.

त्याच संध्याकाळी डॉक्टरांनी एक पोस्टकार्ड लिहिले. मावशींनी चष्मा लावून ते वाचले. "'एवढी' कुठे लिहिलं नाहीस ना?" एवढेच विचारून त्यांनी ते पोस्टाच्या पेटीत टाकले.

दर बुधवारी ताई श्रोत्यांची पत्रे वाचत. पाकिटे आधी उघडून पाहिली जात, पोस्टकार्डे मात्र थेट वाचली जात. त्या बुधवारी ताईंनी एक कार्ड उचलले आणि आपल्या नेहमीच्या गोड आवाजात सुरू केले.

"'ताईंना नमस्कार. आपली उजवीकडची खालची दाढ तुटली आहे, असे ऐकताना वाटते. ती अजून वाचू शकेल. लवकर दाखवावी. भीती वाटत असल्यास येताना...'"

आणि शांतता.

मित्रांनो, शांतता हा रेडिओचा मृत्यू असतो. मी सात सेकंद मेलो होतो. मावशी मला मारायला धावल्या नाहीत. डॉक्टर हातातला चिमटा तसाच धरून उभे होते. सगळ्या गावात, मला खात्री आहे, घासही कुणी गिळला नसेल.

मग ताईंनी उरलेले वाक्य वाचले. "'...येताना भीतीही बरोबर आणावी. आमच्याकडे बाकावर जागा आहे.'"

त्यांनी श्वास घेतला.

"मंडली," त्या म्हणाल्या. "हो, मंडली. आता लपवून काय करू? हे खरं आहे. दोन महिने मी एका बाजूनं जेवतेय. लहानपणी मामानं माझा हलणारा दात दोऱ्यानं दाराच्या कडीला बांधला होता. दार हलूच ओढायचं ठरलं होतं. तेवढ्यात बाहेरून पाहुणे आले. तेव्हापासून मी कुणासमोर तोंड उघडलं नाही, फक्त तुमच्यासमोर उघडते. त्या दिवशी डॉक्टर भाषणाला आले, तेव्हा मी टेबलाच्या पार दुसऱ्या टोकाला बसले होते, डोले मिटून. आणि शेवटी तुम्हाला मीच सांगितलं, घाबरू नका." इथे कार्ड टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. "मला केंद्रप्रमुखांकडून महिन्याची मुदत मिलाली आहे. तोवर ते अक्षर नीट आलं नाही, तर हा माइक दुसरं कुणीतरी घेईल. म्हणजे मला जायलाच हवं. पण पाय उचलत नाही, मंडली. कुणाचा उचलत असेल, तर कसा, ते कलवा."

पत्रांचा पाऊस पडला. ताई रोज चार-पाच वाचून दाखवत. कसा पाय उचलावा, हे कुणीच कळवले नव्हते. सगळ्यांनी आपापली भीती कळवली होती. विजेच्या खांबावर चढणारा एक जण दवाखान्याची तीन पायऱ्यांची चढण चढू शकत नव्हता. साप पकडणाऱ्याने लिहिले, 'सापाचे दात धरतो, माझे कुणाला धरू देत नाही.' एका आजीने लिहिले, 'मला आता भीती वाटत नाही, कारण आता दातच नाहीत. पोरी, माझ्यासारखी वाट बघत बसू नकोस.' हे पत्र ताईंनी दोनदा वाचले.

मुदतीचे नऊ दिवस उरले असताना, एका मंगळवारी सकाळी दहा वाजता ताई आमच्या पायरीशी आल्या. ज्यांचा आवाज मी इतकी वर्षे अंगाखांद्यावर खेळवला, त्यांना मी पहिल्यांदा पाहत होतो. ठेंगण्या होत्या. खांद्यावर पिशवीत टेप-रेकॉर्डर होता. एक पायरी चढल्या, उतरल्या. दोन चढल्या, दोन उतरल्या.

"आत या हो, बाई," मावशी म्हणाल्या. "पायरीनं कुणाची दाढ बरी केलेली ऐकलं नाही मी."

"आले तर रेकॉर्डिंग करेन. चालेल?"

"चालेल. पळालात तर तेही होईल रेकॉर्ड."

ताईंना हसू फुटले आणि त्या हसण्याच्या भरात आत आल्या. बाकावर कुलूपवाले काका बसले होते. ते दाढ दाखवायला आलेले नव्हते. ताई दाखवतात का, ते बघायला आले होते.

ताई आत गेल्या. पार्टिशनवरून डॉक्टरांचा आवाज येत होता. "हा आरसा. ही सुई, माझ्या बोटाच्या पेराएवढी. बघायची का? नको? बरं. आता एक ठरवू. दुखलं, किंवा नुसतं वाटलं की दुखेल, तर डावा हात वर करा. मी थांबेन."

"नक्की?"

"मला दुसरं काही येत नाही, ताई. भाषण तर येतच नाही, तुम्ही ऐकलंत."

थोड्या वेळाने मशीन सुरू झाले. मावशींचा हात सवयीने माझ्या बटणाकडे आला. आतून बोबडा, सुन्न आवाज आला, "माफशी, रेडिओ बंद करा. टेफमध्ये येईल तो."

मावशी घुटमळल्या. मग त्यांनी मला बंद केले. मी गप्प झालो, आणि त्या बाहेरच्या खोलीत मी आल्यापासून पहिल्यांदा मशीनचा खराखुरा आवाज ऐकू आला. काड्यापेटीत भुंगा अडकावा तेवढा तो होता. मीही पहिल्यांदाच ऐकत होतो.

काकांनी मान वाकडी करून कान दिला. "एवढाच? माझी कानस याच्यापेक्षा जास्त बोंबलते!"

मशीन थांबले. "हात वर केलात," डॉक्टर म्हणाले. "दुखलं का?"

"नाई. थांबता का, ते फाहिलं."

डॉक्टर थांबले होते. ताईंनी आणखी तीन वेळा हात वर केला, आणि डॉक्टर तिन्ही वेळा थांबले. पुढचा अर्धा तास त्यांनी हात वर केलाच नाही. दाढ वाचली. तुटका कोपरा घासून गुळगुळीत झाला आणि भोक बुजवले गेले.

गुरुवारी सकाळी 'चला, दात काढू या!'चा दुसरा भाग लागला. आमच्या बाकावर सहा माणसे दाटीवाटीने बसली होती, दोन दारात उभी होती. माझ्यातून पायरीवरची चढउतर ऐकू आली, मावशींचे बोलणे ऐकू आले (मावशी म्हणाल्या, "अगंबाई, माझा आवाज असा चिरका आहे?"), तो भुंगा चार वेळा थांबताना ऐकू आला. शेवटी डॉक्टर म्हणाले, "झालं. म्हणून बघा ळ." आणि बधीर जिभेने ताईंनी ळ म्हणण्याचा जो प्रयत्न केला, तो कुठल्याच बाराखडीत बसणारा नव्हता. डॉक्टर हसले, ताई हसल्या, बाकावरचे सहा जण हसले. दुखरे गाल धरून हसले. केंद्रप्रमुखांनी ठेवलेले नाव अखेर लागू पडले.

रेकॉर्डिंग संपले. जाळीमागे खरखर झाली. आता ताई स्वतः, त्या क्षणाच्या, बोलणार होत्या. मावशींनी बोळे वळायचे थांबवले.

"विचारणाऱ्यांना सांगते, दुखलं का? डास चावला की दुखतं. तेवढं दुखलं. त्याहून जास्त दुखलं असतं, तर आज तेही सांगितलं असतं." त्या थांबल्या. "नमस्कार, मंडळी."

ळ आला. वळून, टाळूला टपली मारून, गुळगुळीत येऊन गेला. मग ताईंना राहवेना. काही कारण नसताना त्या म्हणत सुटल्या, "सकाळ. आभाळ. केळी, जांभळं, उन्हाळा, वादळ, मुळा, भोपळा..." भोपळ्यापाशी केंद्रप्रमुखांनी गाणे लावले.

बाकावरचे कुलूपवाले काका उठले. सगळ्यांना वाटले, पळणार. त्यांनी दाराकडे पाहिले, मग पार्टिशनकडे पाहिले, आणि आत जाऊन म्हणाले, "डॉक्टर, डावा हात ना?"

पुढे तो कार्यक्रम दर महिन्याला होऊ लागला. कधी साप पकडणारा खुर्चीत बसला, कधी खांबावर चढणारा. आम्ही कुणाची भीती पळवून लावली, असे मी म्हणणार नाही. भीती येतच राहिली, फक्त ती आता माणसाबरोबर आत येऊ लागली. मावशींनी मला मोठा करणे कायमचे सोडले.

मग काळ बदलला. भिंतीवर टीव्ही आला, आणि त्यात दात स्वतःच हसून दाखवू लागले. मला आतल्या खोलीत कपाटावर ठेवले. माझ्या डोक्यावर कापसाची बरणी आली. इतक्या वर्षांनी मला उघडी तोंडे दिसतात, ही बढती समजायची की काय, अजून ठरलेले नाही.

मित्रांनो, मी उपदेश फार ऐकवला आहे, कारण माझ्यातून तो रोज सव्वासातला जायचा. त्यामुळे थोडक्यात सांगतो. दुखण्याची वाट न बघता दाखवून या. भीती वाटत असेल तर ती गिळू नका, कुणाजवळ तरी बोला. आणि तुमच्या जवळचे माणूस एखादे अक्षर चुकू लागले, तर त्याला हसू नका, चापटही मारू नका. जरा कान लावून ऐका.

आणि आम्हा जुन्या वस्तूंकडेही अधूनमधून बघत जा. माझा आवाज हल्ली खरखरतो, डावे बटण हातात येते. डॉक्टरांनी परवा मला पुसले, पाठ उघडून आत फुंकर मारली आणि म्हणाले, "मावशी, याला दुरुस्तीला न्यायला हवं." मावशी आता काठी घेऊन चालतात. त्या म्हणाल्या, "मंगळवारी नेऊ."

भीती बरोबर घेऊन मंगळवारी मी तयार असेन. सोमवारी विचाराल, तर सांगता येत नाही.